ओळंबेसाहेब

प्रत्येक तालुक्यात असा एक तरी माणूस असतो, जो देवळात जातो आणि देवाकडे पाठ करून छताकडे बघत उभा राहतो. मागच्या रांगेला वाटतं, समाधी लागली. तो तुळया मोजत असतो. अकोला-अमरावतीच्या पट्ट्यात या जातीचा जो नमुना माझ्या वाट्याला आला, त्याला आम्ही ओळंबेसाहेब म्हणतो. हे त्यांचं आडनाव नव्हे. ज्यांचं ते खरोखर आडनाव आहे त्यांनी कृपया गैरसमज करून घेऊ नये. बांधकाम खात्यात ओव्हरसियर म्हणून लागलेले हे गृहस्थ उपअभियंता होऊन निवृत्त झाले, तेव्हा खात्याच्या सगळ्या वस्तू त्यांनी सही घेऊन परत केल्या. एक पितळी ओळंबा तेवढा खिशात राहून गेला. तो आजही शर्टाच्या वरच्या खिशात असतो आणि दोराचं टोक बाहेर लोंबतं. बँकेतल्या एका मुलीने त्यांना काळजीने सांगितलं होतं, "काका, तुमचं कानाचं मशीन पडेल."

कोणाच्याही घरी गेले की पाण्याचा पेला हातात यायच्या आत ओळंबा भिंतीला लागतो. यजमान "बसा ना" म्हणत असतो आणि साहेब एक डोळा मिटून सांगतात, "पाऊण इंच बाहेर हाये. कोन होता मिस्त्री?" सत्यनारायण मांडलेला, घरभरणीचे पाहुणे जमलेले, अशा वेळी हे कोणाला ऐकायचं असतं? मुलगी बघायला गेलेल्या मंडळींत एकदा वडीलधारे म्हणून त्यांना नेलं. "तुम्हाला काही विचारायचं असेल तर विचारा," असं मुलीचे वडील म्हणाले. साहेबांनी त्यांनाच विचारलं, "स्लॅबवर पानी किती दिवस मारलं?" सोयरीक जुळली, पण व्याही अजून साहेब दिसले की आधी वर बघतात.

अमरावतीला त्यांचे साडू अंबागेटच्या आत राहतात. तिथे दिवाळीला गेले की फराळाआधी परकोटाचं दर्शन. हा दगडी कोट निजामाच्या अमलात पेंढाऱ्यांच्या भीतीने बांधला गेला. काम १८०७ साली निघालं आणि १८२१ साली संपलं. ही दोन सालं साहेबांना तोंडपाठ आहेत आणि ती ते हत्यारासारखी वापरतात.

कारण त्यांचं वैर दोन वाक्यांशी आहे. एक, "हे देऊळ एका रात्रीत बांधलं." दुसरं, "हे हेमाडपंती आहे." वऱ्हाडात काळ्या दगडाचं कुठलंही जुनं देऊळ दाखवा, ही दोन वाक्यं दारातच भेटतात. देऊळ जरा अर्धवट दिसलं तर तिसरं वाक्य त्यांच्या मागोमाग येतं: कोंबडा आरवला म्हणून काम थांबलं.

"एका रात्रीत?" साहेब विचारतात. "एका रात्रीत फक्त बिलं निघतेत, तेही एकतीस मार्चच्या. अमरावतीच्या परकोटाले चौदा वर्सं लागली, अन् तो नुसता कोट. त्याच्यावर ना अप्सरा ना हत्ती. अन् कोंबड्यानं काम थांबत नसते बाप्पा. काम थांबते ते फंडानं."

हेमाडपंताचं प्रकरण जास्त चिघळलेलं आहे. अकोल्याजवळ बार्शीटाकळीला कालंका देवीचं जुनं देऊळ आहे. तिथल्या शिलालेखात शके १०९८ असा काळ आहे, म्हणजे इसवी सन ११७६. हेमाद्री ऊर्फ हेमाडपंत हा देवगिरीच्या यादवांचा मंत्री. महादेवराव १२६१ साली गादीवर आला, त्याच्या आणि नंतर रामदेवरावाच्या पदरी याने कारभार केला. अंबरनाथचं शिवमंदिर तर १०६० सालचं, महादेवरावाच्या दोनशे वर्षं आधीचं, आणि तेही लोक बिनदिक्कत हेमाडपंतीच म्हणतात. हेन्री कझिन्स या ब्रिटिश अधिकाऱ्याचं दख्खनच्या मध्ययुगीन देवळांवरचं जाडजूड पुस्तक १९३१ साली निघालं. साहेबांकडे त्याची झेरॉक्स आहे, बांधलेली, लाल पेन्सिलीने रंगलेली. वऱ्हाडची देवळं असलेली पानं इतकी हाताळली आहेत की ती बांधणीतून सुटून वेगळी राहतात.

एका रविवारी साहेब माझ्या स्कूटरवर मागे बसून बार्शीटाकळीला आले. ओट्यावर दोन म्हातारे बसले होते.

"बाबा, हे देऊळ कोनं बांधलं?" साहेबांनी विचारलं. उत्तर माहीत असताना प्रश्न विचारायची ही सवय इन्स्पेक्शनची.

"हेमाडपंतानं, जी."

"किती दिवस लागले?"

"दिवस कुठचे? एका रात्रीत झालं म्हन्तेत."

दोन्ही वैरी एकदम अंगावर आल्यावर साहेबांचं काय झालं ते मी बघितलं. त्यांनी शके सांगितलं, अठ्ठ्याहत्तर मिळवून इसवी सन करून दाखवला, महादेवरावाचं साल सांगितलं आणि वजाबाकी खडूने फरशीवर मांडली. पंच्याऐंशी वर्षं! म्हाताऱ्याने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. तंबाखू मळून झाली, चिमूट ओठाखाली गेली, मग तो म्हणाला, "मंग त्याच्या बापानं बांधलं असन."

परतीच्या वाटेवर साहेब बोलले नाहीत. अकोल्याचे दिवे दिसायला लागले तेव्हा मागून आवाज आला, "पंच्याऐंशी वर्सं. बापही बसत नाही त्याच्यात. आजा पायजे."

एवढा राग कशाचा, हे मला बरेच दिवस कळत नव्हतं. हेमाडपंत हुशार माणूस होता, त्याने धर्मशास्त्रावर केवढा ग्रंथ लिहिला, मोडी लिपीचं श्रेयही लोक त्यालाच देतात. त्यात आणखी चार देवळं जमा झाली तर बिघडलं कुठे? हे मी एकदा बोलून दाखवलं. साहेबांनी चष्मा काढला.

"मंत्री हाये न तो!" ते म्हणाले. "कारकीर्द सारी फायलीवर सह्या करन्यात गेली. पायव्यात पानी लागलं तवा तो होता काय? तुळई चढवतानी दोर तुटला तवा होता काय? फीत कापाले आला असन, अन् नाव लागलं पाचशे देवळाईले."

मग मला आठवलं, की साहेबांनी उभ्या नोकरीत पूल, दवाखाने, शाळाखोल्या किती उभ्या केल्या त्याला सुमार नाही आणि त्यांतल्या एकाही कोनशिलेवर त्यांचं नाव नाही. कोनशिलेवर मंत्री असतो, पालकमंत्री असतो, अध्यक्ष असतो, प्रमुख उपस्थिती असते. ओव्हरसियर नसतो. यादवांच्या मंत्र्याशी भांडण तिथून आलेलं आहे.

पण माणसाला काम कळतं, हे मान्य करायलाच हवं. चुना नाही, गारा नाही, नुसता दगडावर दगड, आणि तरी भिंत का टिकते हे मी पुस्तकांत वाचलं होतं. समजलं ते साहेबांनी दगडांच्या सांध्यावर माझं बोट फिरवून दाखवलं तेव्हा. दगड असे घडवायचे की एकाची खोबण दुसऱ्याने धरली पाहिजे, आणि वर वजन एवढं टाकायचं की खालच्याची हलायची छाती होऊ नये. छताला कमान नाही. चार तुळयांचा चौरस, त्याच्या कोपऱ्यांवर तिरप्या शिळा, त्यामुळे आत तयार झालेला लहान चौरस, त्याच्यावर पुन्हा तिरप्या शिळा, असं करत उरलेलं भोक एका शिळेने बंद करायचं. ही शेवटची शिळा सगळ्यात नक्षीदार. "कारन मान वर करून पाहनारा तेवढंच पाहते," साहेब म्हणतात. बार्शीटाकळीच्या कामावर त्यांचा शेरा असा आहे: साडेआठशे वर्षं झाली, दुरुस्ती-हमीची मुदत संपली, कंत्राटदाराची अनामत परत करायला हरकत नाही.

लोणारच्या दैत्यसूदनाच्या देवळाचा तळ चांदणीसारखा आहे. तो कसा आखतात हे साहेबांनी मला कागदावर नाही, स्वतःच्या अंगणात दाखवलं. एक खुंटी, एक दोर. चौरस आखायचा, मग मध्य न हलवता तोच चौरस थोडा फिरवून पुन्हा आखायचा, पुन्हा फिरवायचा. दर वेळी नवे कोपरे बाहेर पडतात आणि चांदणी उमटते. उन्हाळ्याचे दिवस होते, अंगणात काकूंच्या कुरडया वाळत होत्या आणि खुंटीसाठी साहेबांना जो मध्य सापडला तो कुरडयांच्याही मध्यावर होता. देवळाचे कोपरे निघत गेले तसा कुरडयांचा भुगा होत गेला.

काकू दारात येऊन उभ्या राहिल्या. "हेमाडपंताच्या बायकोनं कसं काढलं असन मायबाई!"

"तिले कायचा तरास?" साहेब दोर गुंडाळत म्हणाले. "मंत्र्याची बायको ते."

दर्यापूर तालुक्यात पूर्णेच्या काठाला लासूरचं आनंदेश्वराचं देऊळ आहे. हा मुलूख खारपाणपट्ट्यातला. माती काळी, पावसाळ्यात फुगणारी, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा टाकणारी. आमच्याकडे नव्या घराला तडा गेला नाही तर लोक मिस्त्रीला घरी बोलावून जेवू घालतात. पाणी खारं, ते विटेला आणि प्लास्टरला खातं. अशा जमिनीवर शतकानुशतकं एवढा दगड सरळ उभा आहे, हे बघून साहेब पहिल्या भेटीत पायातल्या चपला काढायचे विसरले आणि मग जोत्याच्या दगडाला हात जोडले. आत देवाला जोडायचे राहूनच गेले. तिथल्या मंडपाला मधोमध छत नाही, वर सरळ आकाश. कडेच्या दगडांची ठेवण नीट बघता यावी म्हणून ते मंडपात उताणे झोपले आणि डोळ्यांवर ऊन आलं म्हणून रुमाल टाकला. तेवढ्यात एका शाळेची सहल आत शिरली. बाईंनी प्रसंगावधान राखून त्यांच्या तोंडावर पाणी मारलं, एका पोट्ट्याने कांदा शोधायला धूम ठोकली. साहेब उठून बसले आणि ओल्या चेहऱ्याने त्यांनी मुलांना पाऊण तास तुळईवर व्याख्यान दिलं. सहलीचं पुढचं ठिकाण रद्द झालं.

निवृत्तीनंतर ते पोथ्याही वाचायला लागले. मोर्शी तालुक्यातलं रिद्धपूर म्हणजे महानुभावांची काशी. चक्रधरस्वामी कुठे उतरले, तिथलं देऊळ कुठल्या तोंडाचं, मठ कुठल्या बाजूला, याची नोंद महानुभावांच्या स्थानपोथीत आहे. सहाशेहून जास्त वर्षांपूर्वीचा हा मराठी मजकूर साहेबांनी एका बैठकीत वाचून काढला आणि निकाल दिला: "हे मेजरमेंट बुक हाये." त्या परंपरेत हेमाडपंताबद्दल फारसं बरं बोललं जात नाही, हे कळल्यावर तर त्यांनी रिद्धपूरला दोनदा देणगी पाठवली.

मुलगा इंग्लंडात नोकरीला आहे. त्याच्याकडे गेले तेव्हा दुसऱ्या कोणी राजवाड्याचे फोटो पाठवले असते, साहेबांनी एका खेड्यातल्या चर्चच्या पन्हळीचे पाठवले. पन्हळीच्या तोंडाला राक्षसाचं डोकं. "यायचंही पानी राक्षसच थुंकते," असा खाली मजकूर. त्या चर्चच्या दारात एक घडीचा कागद ठेवलेला होता. कुठली भिंत बाराव्या शतकातली, कुठली खिडकी चौदाव्या, मनोरा पंधराव्या शतकातला, व्हिक्टोरिया राणीच्या काळात छप्पर कसं बदललं, सगळं त्यात. गोल कमान जुनी, टोकदार कमान नंतरची, एवढं कळलं की खेडूतसुद्धा भिंतीवरून शतक वाचतो. "एका बिल्डिंगीत सहाशे वर्सांची बिलं," साहेब फोनवर ओरडत होते. एकाच वेळी, एका हाताने, एका माणसाच्या नावावर काहीच उभं राहिलेलं नाही. जसा पैसा आला, तसं वाढलं. साथ आली, थांबलं. कोणाला पुण्य करायचं होतं, एक दालन जोडलं.

दुरुस्तीची तिकडची मध्ययुगीन व्यवस्था तर साहेबांना पाठ झाली आहे: लोक बसतात तो मोठा भाग गावाने राखायचा, वेदीकडचा भाग चर्चचं उत्पन्न खाणाऱ्या धर्मगुरूने. म्हणून एकाच छपराखाली अर्धं काम दणकट आणि अर्धं रडकं सापडतं, आणि रडकं कोणाचं हे ओळखायला गॅझेटियर लागत नाही. हल्ली तिकडे छपरावरचं शिसं चोरीला जातं. ते ऐकून मी म्हटलं, आपल्याकडे निदान छप्पर तरी कोणी नेत नाही. साहेब म्हणाले, "कायले नेतीन? आपल्याइथं खांबच नेतेत. कोन्याही गावच्या विहिरीवर जा, धुनं आपटाचा गोटा पाहा पलटवून."

पण इंग्लंडातून त्यांनी आणलेला खरा ऐवज वेगळा होता. कँटरबरीचं मोठं चर्च ११७४ साली जळालं. मग दुरुस्तीला फ्रान्सहून विल्यम नावाचा गवंडी आणला, सेन्स गावचा. ११७८ साली तो परांचीवरून पडला, अंथरुणाला खिळला आणि शेवटी घरी परतला. त्याच्या जागी दुसरा विल्यम आला, हा इंग्रज. हे सगळं तिथल्या जर्व्हेस नावाच्या साधूने लिहून ठेवलं आहे.

"पाहा," साहेबांनी मला झेरॉक्स दाखवली, आणि त्यांचा आवाज जरा कापला. "अकराशे शहात्तर. आपल्या बार्शीटाकळीचंच साल. तिकडे हा इल्यम परांचीवर उभा हाये अन् साधू लिहून रायला. मिस्त्री पडला तेही लिहिलं! आपल्याइथं कोन पडलं, कोनं लिहिलं?" कमानीबद्दल ते तसे उदार आहेत. आपल्याकडे ती उशिरा आली खरी, पण नरनाळ्याच्या महाकाली दरवाजावर १४८७ सालात ज्या थाटात आली तो बघता उशीर माफ, असं त्यांचं मत आहे. तिथल्या शिलालेखातही सुलतानाचं नाव आहे, हे मी काढलं नाही. दिवस चांगला चालला होता.

आता एका बैठकीचं सांगतो. गावाचं नाव देत नाही, देवस्थान कमिटीत आमचे पाहुणे आहेत. जुन्या काळ्या दगडाचं छोटं देऊळ, सरकारी यादीत नसलेलं. ठराव तीन होते: गाभाऱ्याला टाइल्स, खांबांना गुलाबी ऑइल पेंट, समोर निधीतून आरसीसी सभामंडप. साहेबांना कोणी बोलावलं नव्हतं. मी त्यांच्याजवळ बोललो, ही चूक माझी मानली जाते.

साहेबांनी खिशातून नाणं काढून खांब एका जागी खरवडला. पांढरा चुना निघाला, त्याखाली नीळ, त्याखाली गेरू, त्याखाली पुन्हा चुना, आणि मग दगड. "हे तुमच्या आज्याचं, हे पंजाचं," ते थर दाखवत सांगू लागले. चुना दगडाला श्वास घेऊ देतो. ऑइल पेंट आतला ओलावा कोंडतो, खारं पाणी आत राहतं, क्षार फुगतात आणि नक्षीचं तोंड पापुद्र्यासारखं सुटून पडतं. मंडळी ऐकत होती. मग साहेबांनी इंग्लंड काढलं: गाभारा गुरवाकडे, मंडप गावाकडे, आणि दारात घडीचा कागद.

गुरव म्हणाले, "मंग तिकडंच काहून राह्यले नाही, जी?"

"साहेब, देवाचं काम हाये," सरपंचांनी समजूत घातली. "चांगलं दिसाले नको?"

शेवटी टाइल्स बारगळल्या. पेंटही बारगळला, पेंटरचा रेट जमला नाही म्हणून; साहेब मात्र तो आपला विजय धरतात. सभामंडप झाला. उद्घाटनाच्या ग्रॅनाइटच्या पाटीवर मंत्री, आमदार, सभापती, सरपंच आणि कमिटी अशी नावं कोरायची ठरली. साहेबांनी हट्ट धरला की सगळ्यात खाली मिस्त्रीचं नाव हवं. आठशे वर्षांनी एका तरी कामावर हवं. दोन ओळींची जागा शिल्लक होती, त्यामुळे कमिटीने मान्यता दिली. साहेब स्वतः मिस्त्रीकडे ही बातमी घेऊन गेले. मिस्त्री सिमेंटचे हात धूत होता. त्याचा चेहरा पडला.

"नाव नका टाकू, साहेब," तो हात जोडून म्हणाला. "उद्या गळलं तं लोक मलेच धरतीन."

त्या पाटीवरची शेवटची ओळ अजून कोरीच आहे.

तर वाचकहो, तुमच्या गावात काळ्या दगडाचं जुनं देऊळ असेल आणि त्याला रंग लावायचं घाटत असेल, तर डबे उघडण्याआधी मला कळवा. साहेबांना घेऊन येतो. गाडीभाडं ते घेत नाहीत, चहा दोनदा लागतो. देऊळ कोणी बांधलं असं त्यांनी विचारलं तर "माहीत नाही" म्हणा, ते खरंही आहे. आणि घरावर नुकताच स्लॅब टाकला असेल, तर त्यांना अंगणातच बसवा.